सायगॉनमधले सहा दिवस

१९७५ च्या उन्हाळ्यात, मी सहा वर्षांची असताना, वडिलांनी वर्तमानपत्रातून मान वर करून "सायगॉन पडले" असे म्हटल्याचे मला आठवते. शहर कसे पडते, हे मला तेव्हा कळले नव्हते. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे व्हिएतनाम माझ्यासाठी युद्धाच्या छायाचित्रांचाच देश राहिला. यंदा माघी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही पतीपत्नी सहा दिवसांसाठी तिथे गेलो, आणि ते जुने चित्र बाजूला सरून त्या जागी माणसे आली. प्रथमच जाणाऱ्या वाचकांना उपयोग व्हावा, म्हणून हे दिवसवार लिहीत आहे.

व्हिएतनामचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे अधिक, आणि लोकसंख्या १० कोटींच्या आसपास आहे, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडी कमी. मात्र हा सगळा ऐवज एका लांबलचक, मधे अगदी चिंचोळ्या होत गेलेल्या किनारपट्टीवर पसरलेला आहे. उत्तरेला राजधानी हनोई आणि दक्षिणेला देशातले सर्वांत मोठे शहर हो चि मिन्ह, म्हणजेच सायगॉन, यांना जोडणारा रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. आठवड्याभरात हनोई, हालाँगचा उपसागर, दानांग आणि सायगॉन असे सगळे उरकणाऱ्या सहली आपल्याकडे बऱ्याच निघतात. त्यांत विमानतळच अधिक पाहून होतात, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही एकच शहर आणि त्याच्या भोवतीचा प्रदेश निवडला आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

पहिला दिवस

मुंबईहून थेट विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचते आणि घड्याळ दीड तास पुढे करावे लागते. भारतीयांना व्हिसा ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून त्याची मुदत नव्वद दिवसांपर्यंत असू शकते आणि एका प्रवेशासाठी २५ डॉलर शुल्क पडते. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा, कारण तशाच दिसणाऱ्या दलालांच्या संकेतस्थळांवर जास्त पैसे जातात. आणि नाव पारपत्रावर आहे तसेच, एका अक्षराचाही फरक न करता लिहावे.

आमचा मुक्काम एका कुटुंबाच्या घरी होता. तिथली जुन्या धर्तीची घरे रस्त्याकडून जेमतेम तीन-चार मीटर रुंद, आत खोल गेलेली आणि चार-पाच मजले चढलेली असतात. त्यांना तिथे नळीघरे म्हणतात. खालच्या मजल्यावर दुकान किंवा स्वयंपाकघर, वर माणसे, आणि दर्शनी भागातच पूर्वजांचे देवघर. घरमालकीणबाईंनी आम्हाला पाणी दिले, बसवले आणि मुलीमार्फत पहिलाच प्रश्न विचारला, तो माझ्या वयाचा. मी थोडी अवघडले. मुलीने मग समजावून सांगितले की वय कळल्याशिवाय आई तुमच्याशी नीट बोलूच शकणार नाही.

हे अक्षरशः खरे आहे. व्हिएतनामी भाषेत 'मी' आणि 'तुम्ही' या अर्थाचे कोरडे शब्द आहेत, पण ते परकेपणाचे आणि कार्यालयीन वाटतात. रोजच्या बोलण्यात त्यांची जागा नात्याचे शब्द घेतात. आपल्यापेक्षा थोडी मोठी स्त्री 'चि', म्हणजे ताई. थोडा मोठा पुरुष 'आन्ह', म्हणजे दादा. आपल्याहून लहान कोणीही 'एम'. आईच्या वयाची बाई 'को', म्हणजे आत्या किंवा मावशी. आपणही रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतो, पण आपल्याकडे ते संबोधन असते, वाक्यातले सर्वनाम 'मी' आणि 'तुम्ही' हेच राहते. तिथे मुलगी मला 'को' म्हणे आणि स्वतःला 'कोन', म्हणजे लेकरू. "लेकरू मावशीसाठी चहा आणते," असे तिचे वाक्य असे. नाते ठरले नाही तर वाक्याला कर्ताच मिळत नाही.

माझे जन्मसाल ऐकताच बाई उजळल्या, कारण आम्ही दोघी माकडाच्या वर्षातल्या निघालो. तिथेही बारा वर्षांचे प्राण्यांचे चक्र आहे. चीनमध्ये जिथे ससा आहे, तिथे व्हिएतनामने मांजर बसवले आहे. बाईंचा जन्म १९६८ च्या 'तेत' नंतर, म्हणजे त्यांच्या नववर्षानंतर, काही आठवड्यांनी झाला, माझा त्याच वर्षी श्रावणात. तेव्हा त्या 'चि' ठरल्या आणि मी 'एम'. माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे मी थोरली. मला धाकटे म्हणणारे माणूस या परक्या शहरात पहिल्याच तासाला भेटले.

चलनाविषयी एक सूचना इथेच देते. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात, त्यामुळे शून्यांची सवय व्हायला वेळ लागतो. २० हजारांची आणि ५ लाखांची नोट, दोन्ही निळसर आहेत आणि दोन्हींवर स्वातंत्र्यलढ्याचे नेते हो चि मिन्ह यांचेच चित्र आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात घोटाळा होणे अगदी शक्य आहे, म्हणून आम्ही मोठ्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवल्या.

दुसरा दिवस

सकाळी रस्ता ओलांडण्याचे शिक्षण झाले. या शहरात सत्तर लाखांहून अधिक दुचाकी आहेत आणि त्यांचा प्रवाह थांबेल, म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो. एका दिशेने, एकाच संथ गतीने चालत राहायचे, धावायचे नाही आणि मुख्य म्हणजे मागे फिरायचे नाही. आपली पुढची पावले चालकाला ओळखता आली, तर तो आपल्या बाजूने वळसा घेतो. पुण्यात आयुष्य गेलेल्यांनाही हे नव्याने शिकावे लागते, कारण आपण थबकतो आणि थबकणे हीच तिथली चूक आहे.

शहराच्या मध्यभागी फ्रेंचांच्या काळातल्या वास्तू एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. फ्रेंचांनी १८५९ मध्ये इथला किल्ला घेतला आणि त्यानंतर सायगॉनला वसाहतीच्या राजधानीचे रूप दिले. १८८० मध्ये पूर्ण झालेल्या लाल विटांच्या कॅथेड्रलची दुरुस्ती गेली कित्येक वर्षे चालू आहे, त्यामुळे ते आम्ही बाहेरूनच पाहिले. समोरचे टपाल कार्यालय १८८६ ते १८९१ या काळात बांधले गेले. ते आयफेल यांनी उभारले, असे अनेक मार्गदर्शक सांगतात, पण ते आल्फ्रेड फुलू या वास्तुविशारदाचे काम आहे. आत दोन बाजूंच्या भिंतींवर जुने नकाशे रंगवलेले आहेत, त्यांतला एक दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडियातल्या तारायंत्राच्या मार्गांचा आहे. कमानदार छताखाली, हो चि मिन्ह यांच्या तसबिरीसमोर, अजूनही पत्रे आणि पार्सले स्वीकारली जातात. आम्ही बाकावर बसून घरी दोन पत्रे लिहिली.

तिथून चालत स्वातंत्र्य प्रासादाकडे गेलो. जुना फ्रेंच प्रासाद १९६२ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्याच दोन वैमानिकांनी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध केलेल्या बॉम्बहल्ल्यात मोडला, आणि त्या जागी न्गो व्हिएत थू या वास्तुविशारदाने आखलेली ही इमारत १९६६ मध्ये पूर्ण झाली. बांबूच्या पेरांसारख्या दिसणाऱ्या दगडी पट्ट्यांतून आत वारा आणि उजेड येतो. उष्ण प्रदेशात आधुनिक इमारत कशी असावी, याचा तो नमुना आहे. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तरेचे रणगाडे याच फाटकातून आत घुसले. त्याच प्रकारचे दोन रणगाडे हिरवळीवर ठेवलेले आहेत. मला मात्र तळघराने अधिक धरून ठेवले. अरुंद बोळ, पोलादी टेबले, जुनी दूरध्वनी यंत्रे आणि भिंतीभर नकाशे. वरच्या मजल्यावर मेजवानीची दालने आणि खाली हे. "सायगॉन पडले" म्हणजे काय, ते त्या पायऱ्या उतरताना समजले.

शहराचे नाव २ जुलै १९७६ रोजी अधिकृतपणे हो चि मिन्ह झाले, पण माणसे बोलताना सायगॉनच म्हणतात. असाच दुसरा घोटाळा पत्त्यांचा आहे. १ जुलै २०२५ पासून देशातल्या ६३ प्रांतांचे ३४ झाले, शेजारचे बिन्ह दुओंग आणि बा रिया-वुंग ताऊ हे प्रांत या शहरात मिळवले गेले आणि जिल्ह्यांची पातळीच रद्द झाली. कागदोपत्री आता 'जिल्हा १' उरलेला नाही, पण टॅक्सीचालकापासून घरमालकिणीपर्यंत सगळे 'क्वन मोत', म्हणजे पहिला जिल्हा, असेच सांगतात. नवख्याने दोन्ही पत्ते जवळ ठेवावेत.

तिसरा दिवस

चांद्रमासाची पंधरावी तिथी होती, आणि शाकाहारी प्रवाशाला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. महायान बौद्ध परंपरेतली अनेक माणसे अमावास्येनंतरच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला मांसाहार करत नाहीत. आपल्या एकादशीसारखीच ही पद्धत आहे. त्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यावर 'चाय' अशी पाटी दिसते. त्याचा आपल्या चहाशी संबंध नाही. 'चाय' म्हणजे शाकाहारी. "तोय आन चाय" एवढे वाक्य पाठ करावे, तेवढ्यावर सहा दिवस नीट निभतात. साध्या खानावळीत मात्र भाजीतही मासळीचा खारवलेला अर्क, म्हणजे 'नुओक माम', असू शकतो, म्हणून शक्यतो पाटी पाहूनच बसावे.

सकाळी आम्ही 'कम ताम' खाल्ले. हे तांदळाच्या कण्यांचे जेवण आहे. भात सडताना मोडलेला तांदूळ विकला जात नसे, तो गरीब शेतकऱ्याच्या घरी शिजत असे, आणि आज तोच या शहराचा मानाचा पदार्थ झाला आहे. एरवी त्यावर भाजलेले डुकराचे मांस असते, आमच्या ताटात सोयाबीनचे तळलेले काप, काकडी आणि गाजर-मुळ्याचे आंबटगोड लोणचे होते. नंतर छोट्या धातूच्या गाळणीतून थेंबथेंब उतरणारी कॉफी घट्ट गोड दुधात आणि बर्फात मिसळून घेतली. कॉफी फ्रेंचांनी आणली, आणि आज ब्राझीलनंतर जगात सर्वाधिक कॉफी व्हिएतनाम पिकवतो, त्यातही मुख्यतः कडवट रोबस्टा. घाईने पिण्याचे हे पेय नाही. गाळणी रिकामी होईपर्यंत बसून राहणे हा त्यातला अर्धा आनंद आहे.

बेन थान्ह बाजाराजवळ मरिअम्मनचे देऊळ आहे. फ्रेंच अमलात तमिळ व्यापारी आणि सावकार इथे आले, त्यांनी ते बांधले. ती वस्ती आता जवळजवळ उरलेली नाही, पण देऊळ ओस पडलेले नाही. व्हिएतनामी स्त्रिया हातात उदबत्त्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. गाभाऱ्यामागे जाऊन त्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून, डोळे मिटून, पुटपुटत बराच वेळ थांबत होत्या. त्यांच्या भाषेत या देवळाचे नाव 'भारतीय देवीचे देऊळ' असे आहे, आणि देवीलाही 'बा', म्हणजे आजी किंवा थोर बाई, असे नात्यानेच संबोधतात. मीही त्या भिंतीला कपाळ लावले. दगड थंड होता.

दुपारी चोलोनला गेलो. 'चो लोन' म्हणजे मोठा बाजार. ही चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांची जुनी पेठ. अठराव्या शतकात कँटनच्या लोकांनी बांधलेल्या थियेन हौ या समुद्रदेवतेच्या देवळात छताला शंकूच्या आकाराच्या उदबत्तीच्या प्रचंड वेटोळ्या टांगलेल्या असतात आणि प्रत्येकीला नवस करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असते. समुद्र ओलांडून सुखरूप पोहोचलेल्यांनी समुद्राच्या देवीचे देऊळ बांधावे, हे सरळच होते.

चौथा दिवस

सकाळी शहराच्या वायव्येला कु चीच्या भुयारांकडे निघालो. वाटेत रबराच्या बागा आणि बांबूच्या जाळ्यांवर वाळत घातलेल्या तांदळाच्या पातळ पापड्या दिसत होत्या.

या भुयारांचे खोदकाम १९४० च्या दशकात फ्रेंचांविरुद्ध सुरू झाले आणि अमेरिकी युद्धाच्या काळात त्यांची लांबी दोनशे किलोमीटरांच्या पुढे गेली. इथली माती लालसर, चिकट, आपल्या जांभ्याच्या जातीची आहे. ती खोदता येते आणि हवा लागली की घट्ट होते. कुदळ आणि टोपली एवढ्याच साधनांवर, बहुतेक रात्री, हे काम झाले, आणि उपसलेली माती बॉम्बच्या खड्ड्यांत किंवा ओढ्यांत टाकली गेली. चुलीचा धूर लांब आडव्या चरांतून नेऊन जमिनीलगत विरळ सोडत, म्हणजे विमानातून दिसत नसे. पर्यटकांसाठी रुंद केलेल्या भागात मी वाकून वीस-पंचवीस पावले गेले आणि बाहेर आले. बाहेर उकडलेला कसावा शेंगदाणा-मिठाच्या कुटाबरोबर देतात. आत राहणाऱ्यांचे तेच अन्न होते. आवारात पैसे देऊन खऱ्या बंदुका चालवण्याची सोय आहे आणि तिचे आवाज झाडीतून सतत येत राहतात. ती तिथे नसावी, असे मला मनापासून वाटले.

आपल्याकडे असा मजकूर फिरत असतो की व्हिएतनामी नेत्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून अमेरिकेला हरवले. या सहा दिवसांत त्याला पुष्टी देणारी एकही नोंद मला आढळली नाही. महाराजांचे युद्धतंत्र स्वतःच्या बळावर उभे आहे; त्याला आधार नसलेल्या गोष्टींची जोड देऊ नये. खरा आणि नोंदलेला संबंध वेगळा आहे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर शस्त्रसंधीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते.

दुपारी युद्धावशेष संग्रहालय पाहिले. १९७५ मध्ये ते अमेरिकेच्या आणि तिच्या हस्तकांच्या गुन्ह्यांचे प्रदर्शन म्हणून उघडले. १९९५ मध्ये, अमेरिकेशी राजनैतिक संबंध पूर्ववत झाले त्याच वर्षी, त्याला आजचे नाव मिळाले. १९६१ ते १९७१ या काळात देशाच्या दक्षिण भागावर सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशके फवारली गेली आणि त्यांतल्या 'एजंट ऑरेंज' मध्ये डायॉक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य होते. त्याच्या परिणामांच्या दालनात मी फार वेळ थांबू शकले नाही. दोन्ही बाजूंकडच्या, युद्धात मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांनी टिपलेल्या चित्रांचे दालन मात्र सावकाश पाहावे. हे संग्रहालय जिंकलेल्या बाजूने सांगितलेले आहे, हेही नवख्याने ध्यानात ठेवावे. १९७५ नंतर होडग्यांतून देश सोडून गेलेली लाखो माणसे आणि छावण्यांत डांबलेले दक्षिणेचे सैनिक त्याच्या भिंतींवर नाहीत.

त्या दिवशी मला एक सवय लागली. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक माणसाचे वय मी मनात १९७५ मधून मोजू लागले. उसाचा रस विकणारी बाई तेव्हा दहा वर्षांची असेल; चौकात झोपाळलेला रिक्षावाला अठराचा असेल. संध्याकाळी घरी आलो तेव्हा मुलगी देवघरात फळे मांडत होती. मधल्या तसबिरीत चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण होता. तिने सांगितले, "हे आजोबा." घरमालकीणबाई चार वर्षांच्या असताना ते गेले. ते कोणत्या बाजूने लढले, हे तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. नातीपेक्षाही वयाने लहान दिसणाऱ्या त्या आजोबांपुढे तिने कॉफीचा पेला ठेवला आणि हात जोडले.

पाचवा दिवस

मेकाँग नदी चार हजार किलोमीटरांहून अधिक वाहत सहा देशांतून येते आणि समुद्राला मिळताना तिचे फाटे होतात. व्हिएतनामी लोक तिला 'कू लाँग', म्हणजे नऊ ड्रॅगन, म्हणतात. देशाचे निम्म्याहून अधिक भातपीक या त्रिभुज प्रदेशात येते. आम्ही सत्तर किलोमीटरांवरच्या मी थो गावातून होडीने बेन त्रेच्या बाजूला गेलो. दोन्ही काठांवर पाण्यातून वर आलेली पाणमाडाची पाती आणि त्यामागे नारळ पाहून माझ्या पतींना त्यांच्या आजोळच्या खाडीची आठवण झाली. एका अंगणात केळफूल चिरताना बाई हाताला तेल लावत होती, तेही ओळखीचेच. नारळाच्या दुधाच्या वड्या करण्याचा कारखाना सगळ्या सहलींत असतो. वड्या घ्याव्यात, चवीला चांगल्या असतात.

नावाडीणबाईंशी बोलणे झाले ते नदीविषयी. कोरड्या महिन्यांत समुद्राचे खारे पाणी आता पूर्वीपेक्षा खूप आत शिरते. वरच्या देशांतल्या धरणांमुळे गाळ आणि पाणी कमी झाले आहे, वाळूचा उपसा चालू आहे आणि समुद्र चढतो आहे. त्यांनी भाताची खाचरे मोडून नारळ लावला आहे, कारण तो थोडे मीठ सोसतो.

सहावा दिवस

विमान रात्रीचे होते. सकाळी प्राणिसंग्रहालयाच्या आवारातले इतिहास संग्रहालय पाहिले. भारतीय प्रवाशाने ते चुकवू नये. मध्य व्हिएतनाममध्ये अनेक शतके चंपाची राज्ये होती, त्यांच्या राजांनी शिवलिंगे स्थापली आणि संस्कृत शिलालेख कोरले. दक्षिणेतले ऑक-एओ हे त्याहूनही जुने बंदर. तिथल्या उत्खननात रोमन सम्राट अँटोनायनस पायस याच्या काळातले सुवर्णपदक आणि ब्राह्मी अक्षरांच्या मुद्रा सापडल्या. सोपारा आणि कल्याणच्या धक्क्यांवर रोमची जहाजे लागत होती त्याच शतकांत हा व्यापार पुढे इथवर पोहोचत होता. विष्णूच्या एका उंच मूर्तीसमोर शाळेची मुले वहीत चित्र काढत बसली होती.

दुपारी मेट्रोने फिरलो. शहराची पहिली मेट्रो २२ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाली. बेन थान्ह ते सुओई तिएन असा १९.७ किलोमीटरचा मार्ग, १४ स्थानके, त्यांतली तीन भुयारी. ४६१ मीटर उंचीचा 'लँडमार्क ८१' मनोरा खिडकीतून छान दिसतो, त्यासाठी वेगळे तिकीट काढून वर जाण्याची गरज आम्हाला वाटली नाही.

घरी परतलो तेव्हा बाई गच्चीवर 'माई' च्या झाडाची पाने खुडत होत्या. तेतला दक्षिणेत हे पिवळे फूल दारात हवेच. सुमारे दोन आठवडे आधी सगळी पाने हाताने खुडली, तर फुले नेमकी सणाला उमलतात. ऊन-थंडी पाहून दिवस थोडा पुढेमागे करावा लागतो. देठ मागच्या बाजूने ओढायचा, नाहीतर कळी दुखावते. त्यांनी मला खुणेने दाखवले आणि आम्ही दोघी तासभर पाने काढत बसलो. मुलगी खाली होती, त्यामुळे भाषांतर करायला कोणी नव्हते. मी एक पान चुकीच्या बाजूने ओढले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि "एम" एवढेच म्हटले. मी म्हटले, "चि." मग आम्ही पुढच्या फांदीकडे वळलो.